धुरींनी दार लावलं तो दिवस

सरोजिनीबाईंनी जयराम धुरींना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते बाईंचीच चादर घडी करत होते. बाई लालबागच्या त्या चाळीत नव्याने राहायला आल्या होत्या. सकाळी शाळेत जायच्या घाईत त्यांनी दोरीवरची वाळलेली चादर ओढून गॅलरीच्या कठड्यावर टाकली होती. संध्याकाळी परत आल्या, तर तीन खोल्या पलीकडचे एक किडकिडीत गृहस्थ त्या चादरीची टोकं जुळवत उभे.

"माफ करा हं," ते म्हणाले. "जाता-येता दिसत होती."

एवढंच स्पष्टीकरण. चादर हातात आली तेव्हा नव्या साडीसारखी चौकोनी झाली होती. ती उलगडून अंथरायला बाईंना पुढे दोन दिवस धीर झाला नाही.

धुरी हिंदमात्याच्या एका साड्यांच्या दुकानात होते आणि निवृत्त होईपर्यंत त्याच दुकानात राहिले. पांढरी चादर अंथरलेल्या गादीवर मांडी घालून बसायचं आणि समोर साड्या उलगडत राहायचं, हे त्यांचं काम. गादीचा त्यांचा एक नियम होता. माल एकदा उघडला, की शेवटची घडी पडेपर्यंत उठायचं नाही. एकदा दुकानात आग लागल्याची ओरड झाली. धुरींनी समोरच्या बाईंना "तुम्ही व्हा पुढे" म्हटलं आणि मागे बसून उघडलेल्या सगळ्या पैठण्यांच्या घड्या केल्या. आग शेजारच्या दुकानाच्या मीटरला लागली होती. त्यांच्या घड्या होईपर्यंत ती विझलीही.

त्यांची बायको गेल्यावर घरात ते एकटेच उरले. मुलगी नम्रता लग्न होऊन खारघरला गेली होती आणि नोकरीसाठी रोज शीवच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये येत होती. सकाळी आठला गाडीत बसल्यावर एक फोन आणि रात्री नऊला एक, असं बापलेकीचं ठरलेलं होतं. वडिलांनी खारघरला येऊन राहावं, असं तिला मनापासून वाटे. धुरी एकदा आठवडाभर राहून आले होते.

"कसं आहे तिकडे?" बाईंनी विचारलं होतं.

"चांगलं आहे. शांत आहे. बाराव्या मजल्यावर चांगला वारा येतो." गिऱ्हाइकाने नको त्या साडीला हात लावला, की "हाही रंग चांगला आहे" असं ते ज्या आवाजात म्हणत, तोच हा आवाज. "दारं बंद असतात सगळ्यांची. आत माणसं असतात म्हणे."

धुरींचं दार सकाळी दूधवाल्याला उघडत असे आणि रात्री झोपतानाच लागत असे. दुपारी बाई गॅलरीतून जाताना आतून "बाई, चहा?" असं येई. "नको, आत्ताच झाला," असं म्हणत बाई आत जात. निवृत्तीनंतरचा बाईंचा दिवस त्या चहावर टेकलेला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंही नव्हतं.

मग धुरींच्या फोनचं तोंड झिजलं.

चार्जरची पिन आत जाई, पण सैल बसे. ती एका विशिष्ट कोनात डावीकडे दाबून धरली तरच चार्जिंग सुरू होई. धुरींनी ती व्यवस्था केली. फोन फळीवर आडवा ठेवायचा, वायर किंचित वर उचलायची आणि तिच्यावर तांदूळ मोजायचं पितळी चिपटं ठेवायचं. व्यवस्था चांगली होती, पण चाळीची जमीन लाकडी तुळयांवरची. गॅलरीतून कुणी जोरात चाललं, की फळी हले, चिपटं हले आणि चार्जिंग बंद पडे. हळूहळू मजल्यावरच्या लोकांना सवय झाली. धुरींच्या दारासमोर आलं, की माणसं आपोआप हलक्या पावलांनी चालू लागत. पाहुण्यांना वाटे, आत कुणी आजारी आहे.

तरीही दोनदा घात झाला. एकदा वरच्या मजल्यावर बारसं होतं आणि एकदा कुणाचं तरी कपाट वर चढवत होते. दोन्ही वेळा रात्री नऊला नम्रताला फोन बंद लागला. दुसऱ्या वेळी ती सकाळी कामावर जायच्या आधी चाळीत आली.

"बाबा, आता तिसऱ्यांदा फोन बंद लागला ना, तर मी विचारणार नाही. बॅग भरायची आणि माझ्याबरोबर यायचं."

"बरं," धुरी म्हणाले.

"नवीन फोन घेऊन देते म्हटलं तर तोही नको."

"ह्याला काय झालंय? तोंड तेवढं बदलायचंय."

नाक्यावरच्या मोबाइलवाल्याने फोन दोन दिवस ठेवून जा म्हणून सांगितलं. दोन दिवस फोन ठेवणं म्हणजे बॅग भरणं. धुरी परत आले. मग ते वायर चिपट्याखाली ठेवून त्याच फोनवर फोन उघडण्याचे व्हिडिओ बघत बसू लागले. आठवड्याने एक छोटं पाकीट आलं. तळमजल्यावरचा सुतारकाम करणारा ज्यो फर्नांडिस ते वर घेऊन आला.

"काका, काय मागवलं? एवढंसं?"

"फोनचं तोंड."

"आपण स्वतः लावणार?" ज्योने बाईंकडे पाहिलं. "टीचर, तुम्ही सांगा ना काकाला."

"मी काय सांगू? माझ्या चादरीला हात लावताना तरी कुठे विचारलं होतं?" बाई म्हणाल्या.

त्यानंतरच्या बुधवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, शेजारच्या रमाबाई बाईंच्या दारात आल्या. रमाबाई मालवणकडच्या. चाळीत इतकी वर्षं काढूनही त्यांनी बोली सोडली नव्हती.

"बाई, धुरींचा दार बंद आसा."

"बाहेर गेले असतील."

"बाहेर गेले तर कुलूप नको? आतसून कडी आसा. खिडकीय लावल्यानी. मी दोनदा ठोकलंय, ओ नाय, काय नाय."

बाई उठल्या. बंद दारासमोर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ह्या दाराला बाहेरून निळा रंग दिलेला आहे हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं. त्यांनी ठोकलं, हाक मारली. मग फोन लावला. फोन बंद होता.

रमाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. बाई फोन हातात धरून उभ्या राहिल्या. नम्रताला कळवलं, की संध्याकाळपर्यंत बॅग भरली जाणार हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. उद्या दुपारी ह्या दाराला कुलूप असेल, आणि चहा नको म्हणायला आपल्याला जागा उरणार नाही. पण माणूस आत पडलेला असेल तर? त्यांनी नम्रताचा नंबर लावला.

"तू ये," एवढंच म्हणाल्या. "दार बंद आहे आतून."

"फोन?"

"तोही."

नम्रता शीवहून टॅक्सी करून निघाली. तोवर ज्यो स्टूल घेऊन वर आला होता. दाराच्या वर एक काचेची झडप होती. स्टुलावर चढून त्याने तिच्यातून आत पाहिलं. खाली निम्मा मजला जमला होता.

"दिसतोय. बसलाय."

"बसलाय म्हणजे कसा?" बाईंनी विचारलं.

"खाली. पांढरी चादर टाकलीय, मधोमध मांडी घालून. मान खाली. हलत नाही."

"अरे, नीट बघ."

"नीटच बघतोय, टीचर. श्वास पण घेत नाही वाटतं."

रमाबाईंनी देवाचं नाव घेतलं. मग ज्यो म्हणाला, "थांबा, थांबा. हात हलला. हातात चिमटा आहे." आणि पुढे, जरा दुखावल्यासारखा, "माझ्याकडे बघून बोट दाखवलं. गप्प बस म्हणतोय."

आतून आवाज आला. दुकानात दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवताना असे, तसा मऊ आणि न घाबरलेला. "आलो, आलो. एक पाच मिनिटं. माल उघडलाय."

बाई कठड्याला टेकल्या. त्यांना फार राग आला होता. "धुरी," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता दार उघडा."

नियमाला पहिल्यांदाच अपवाद झाला. कडी निघाली. धुरी डाव्या हाताची मूठ अलगद बंद ठेवून उभे होते.

"वारा येऊ नये म्हणून लावलं होतं," ते म्हणाले. "स्क्रू तिळाएवढे आहेत. शिवाय सगळ्यांनी सल्ले दिले असते."

"काका, ओ तरी द्यायची!" ज्यो म्हणाला.

"बोललो असतो तर फुंकर बसली असती."

लोक दारातूनच आत बघत होते. चादरीवर फोन पालथा पडला होता. पाठ गरम पाण्याच्या पिशवीने शेकून सोडवली होती. सगळे भाग निघाले त्या क्रमाने, सारख्या अंतरावर मांडलेले. जुनी चार्जिंगची पट्टी, म्हणजे तोंड बसवलेला बोटाएवढा हिरवा तुकडा, एका बाजूला. नवी पट्टी दुसऱ्या बाजूला. धुरी परत मांडी घालून बसले आणि मूठ उघडली. आत मोहरीएवढी एक काळी रबरी टोपी होती.

"ही माइकवरची. जुन्या पट्टीवरून काढून नव्या पट्टीवर घालायची. मग झालं." त्यांनी ती चिमट्याने उचलून चादरीवर ठेवली.

त्याच वेळी नम्रता आली. जिने चढून धापा टाकत होती, चेहरा घामाने डबडबलेला. तिने वडिलांना पाहिलं, चादर पाहिली. घरी कुणी असं उन्हातून आलं, की रमाबाई जे आयुष्यभर करत आल्या होत्या, तेच त्यांनी आताही केलं. "बस गो बाय, पाणी हाडतंय," म्हणाल्या आणि पंख्याचं बटण दाबलं.

धुरींनी फोनवर पालथा हात ठेवला. स्क्रू राहिले. टोपी वाऱ्याने उडून गेली.

पुढचा बराच वेळ तिसरा मजला गुडघ्यांवर होता. ज्योने कपाट सरकवलं. बाईंनी केरसुणीची काडी घेऊन फटीफटीतून फिरवली. रमाबाईंना एक काळा दाणा सापडला, पण ती खरीच मोहरी निघाली. नम्रता पलंगाखाली अर्धी आत शिरून शोधत होती आणि तिथूनच भांडत होती.

"मी टॅक्सीत काय काय विचार केला, ठाऊक आहे तुम्हाला? बॅग भरा. आज काही ऐकणार नाही."

"बरं. हे आधी मिटवू दे."

"टोपी नाही तर मिटवणार कसं?"

"तिच्याशिवाय मिटवायचं." धुरींनी इकडेतिकडे पाहिलं. "कुणीतरी उजेड धरा. ज्यो नको, तो हलतो."

नम्रता पलंगाखालून बाहेर आली. केसांना जळमट लागलेलं तसंच ठेवून ती वडिलांच्या शेजारी मांडी घालून बसली आणि तिने आपल्या फोनचा उजेड धरला. नवी पट्टी बसली. धुरींनी तिची वायर अंगठ्याने दाबली, टक असा बारीक आवाज आला. मग एकेक भाग उलट्या क्रमाने परत गेला. पाठ लावून झाल्यावर त्यांनी सवयीने तिच्यावरून तळहात फिरवला, सुरकुती काढल्यासारखा.

चार्जर लावला. पिन सरळ आत गेली. विजेची खूण उमटली. ज्योने जमिनीवर मुद्दाम पाय आपटला. खूण तशीच राहिली.

"आता बोलून बघू," नम्रता म्हणाली आणि आपला फोन घेऊन गॅलरीच्या टोकाला गेली. धुरींचा फोन वाजला. त्यांनी उचलला.

"हॅलो. नमू?"

"बाबा, आवाज हंड्यात बसून बोलल्यासारखा येतोय!" हे तिने फोनवर सांगायची गरज नव्हती, ते साऱ्या मजल्याला ऐकू गेलं.

धुरींनी थोडा विचार केला आणि स्पीकरचं बटण दाबलं. त्या फोनला वरच्या बाजूला आणखी एक माइक होता, आणि स्पीकरवर तो जागा होई. "आता?"

"आता नीट येतोय." मग, बहुधा काहीतरी बोलायचं म्हणून, तिने रोजचाच प्रश्न विचारला. "जेवलात का?"

"जेवलो."

"खय जेवले!" रमाबाई दारातून फोनकडे वाकून म्हणाल्या. "सकाळपासून ह्या चादरीर बसले आसत. दोन बिस्किटां खाल्ल्यानी."

"काका झूठ बोलतोय," ज्योनेही सांगितलं.

"नम्रता," बाई म्हणाल्या, "मी आमटीभात देते त्यांना. काळजी करू नकोस."

गॅलरीच्या टोकाला नम्रता फोन कानाला लावून उभी होती. तिने वळून दाराकडे पाहिलं. फोनभोवती पाच-सहा डोकी वाकली होती आणि तिच्या उत्तराची वाट बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "यापुढे स्पीकरवरच बोलायचं. आणि दार लावायचं नाही."

"बरं," धुरी म्हणाले. हे 'बरं' वेगळं होतं, ते बाईंना तीन फुटांवरून कळलं.

नम्रता त्या संध्याकाळी आमटीभात खाऊन एकटीच खारघरला गेली. पलंगाखालची बॅग तिने टोपी शोधताना बाहेर ओढली होती. धुरींनी ती परत आत सरकवली.

टोपी अजून सापडलेली नाही. रात्री नऊला धुरींचा फोन वाजतो, ते स्पीकर लावतात, आणि खोटं काही सांगितलं तर गॅलरीतून दुरुस्ती येते. फळीवरचं पितळी चिपटं तांदळाच्या डब्यात परत गेलं आहे. त्याने ते रोज सकाळी एक चिपटं तांदूळ काढतात, एका माणसाचे, दोन्ही वेळचे मिळून.