बाहेर न चाललेली केळी

हातमोज्यांचा एकच जोड होता आणि आम्ही अकरा बाया होतो.

बापूंच्या केळीच्या बागेत, बांधाला आम्हाला रांगेत उभं केलं. बापूंचा पुतण्या मोबाईल घेऊन समोर. एकीनं हातमोजे घालायचे, मास्क लावायचा, फवारणीच्या पंपाला हात लावून उभं राहायचं. फोटो निघाला की सगळं उतरवून दुसरीला द्यायचं. माझा नंबर सातवा. मोजे आतून सहा जणींच्या घामानं चिकट झालेले. दहा वर्षं मी त्या बागेत औषध कालवलं. हातात मोजे पहिल्यांदा घातले, ते फोटोपुरते.

फोटो झाल्यावर मी म्हणलं, "बापू, हे आमच्याकडंच राहू द्या की. परवा फवारणी हाय."

बापू पुतण्याकडं बघून हसले. "हिला सायबीण व्हायचंय." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तुमच्या हाताला काय होत न्हाई. पिढ्यान् पिढ्या घाणीत घातलेले हात हायेत ते."

दोघी-तिघी हसल्या. मालक हसला की हसावं लागतं. मीही हसले. ते हसू मला अजून टोचतं.

मग वही पुढं आली. वर लिहिलं होतं, औषध हाताळण्याचं प्रशिक्षण मिळालं, सुरक्षेचं साहित्य मिळालं. खाली आमची नावं. बाकीच्यांनी न वाचता अंगठे दिले. मी माहेरी, रेणापूरला बारावीपर्यंत शिकलेली. मी वाचलं. वाचून सही केली. त्या दिवशी सगळ्यात खोटी मीच होते.

हे सगळं कशासाठी, तर केळी बाहेरच्या देशात जाणार होती. आमचं गाव मुदखेड तालुक्यातलं. बापू सत्तर एकरांचे धनी, आम्ही भीमनगरातले, बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हापासून बौद्ध. बाहेर माल पाठवायचा तर नियम कडक. कोणतं औषध मारायचं, कोणतं नाही, घड उतरायच्या किती दिवस आधी थांबायचं, सगळं ठरलेलं. केळ सालीसकट वाटून यंत्रात घालतात आणि त्यात औषधाचा कण राहिला का बघतात. हे मला पुतण्यानंच एकदा फुशारकीनं सांगितलं होतं. मी ऐकत होते आणि माझी बोटं खाजत होती. नखांभोवतीची कातडी कायम सोललेली असायची. भाकरी थापताना झोंबायचं.

फोटोनंतर तिसऱ्या दिवशी फवारणी झाली. औषध कालवायला मी आणि माझी धाकटी जाऊ शोभा. ड्रममध्ये पाणी, वरून बाटली उपडी करायची, काठीनं ढवळायचं. काठी सापडली नाही की हातानंच. त्या दिवशी वास वेगळा होता, डोक्यात जाणारा. दुपारी शोभा बांधावर बसली. तोंडाला पाणी सुटलं, ते थांबेना. मग उलट्या. मला म्हणाली, "अक्का, मला दोन-दोन दिसून राहिलंय."

दिरानं गाडीवर मधे बसवली, मी मागून धरली. मुदखेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. म्हणाले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. त्यांनी सुई सुरू केली आणि मला विचारलं, "औषध कोणतं होतं? नाव सांगा. बाटली आणा."

दहा वर्षं मी ते कालवत होते. नाव माहीत नव्हतं. बाटलीवरचा कागद पुतण्या आधीच खरडून काढायचा. का, ते मी कधी विचारलं नाही.

शोभाजवळ दिराला ठेवलं आणि मी गावात परत आले. बापू ओट्यावर चहा पीत होते. मी खाली अंगणात उभी. सांगितलं, शोभा अशी पडलीय, डॉक्टर नाव विचारून राहिलेत, बाटली द्या.

बापूंनी बशी खाली ठेवली. "वहीत कडुनिंबाचा अर्क लिहिलंय. तेच सांग डाक्टरला."

"बापू, कडुनिंबानं माणूस असं पडत न्हाई."

"पुढल्या महिन्यात तपासणी हाय. ती बाटली दवाखान्यात गेली तर बाहेर माल पाठवायच्या यादीतून माझी बाग जाईल. तुमची एक बाई दोन दिवसांत उठून बसेल. माझा मोडलेला सौदा परत जुळेल का?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. राग नव्हता तिथं. मला समजावून सांगत होते. हिशोब सरळ आहे, हिच्या ध्यानात कसा येत नाही, असं वाटलं असेल त्यांना. दहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना ‘बरं बापू’ म्हणलं नाही. वळले आणि थेट बागेच्या मागं गेले.

तिथं रिकाम्या बाटल्या टाकायचा खड्डा होता. महिन्यातून एकदा पेटवायचे. मी खड्ड्यात उतरले. पन्नास-साठ बाटल्या असतील, अर्धवट जळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. एकेक उचलून वास घेतला. सातव्या की आठव्या बाटलीला तो वास आला. कागद खरडला होता, पण तळाशी जहाल विषाची खूण, तांबडा त्रिकोण, राहिला होता आणि नावाची चार अक्षरं. पुतण्या वरून ओरडत होता, "ए बाई, चोरी करून राहिली का?" मी वर चढले. बाटली पदरात धरली. म्हणलं, "हाव. बोलीव पोलीस." तो बाजूला झाला.

डॉक्टरांनी चार अक्षरांवरून नाव ओळखलं. बाटली मी परत मागून घेतली. शोभाला नांदेडला हलवलं. ती वाचली. पण तिचा उजवा हात थरथरतो. भरली कळशी तिला उचलत नाही. तिची लेक दीड वर्षाची आहे.

पुढच्या महिन्यात तपासणीला पुण्याहून एक मॅडम आल्या. तरुण होत्या, बोलायला बऱ्या. बापूंनी नारळपाणी दिलं. आम्हाला परत रांगेत उभं केलं, या वेळी प्रत्येकीच्या हातात नवे मोजे. मी ते जमिनीवर ठेवले. बापू हळूच म्हणाले, "उचल ते." मी उचलले नाहीत.

मॅडमनी वही उघडली. "फवारणी कशाची होते?"

बापू म्हणाले, "कडुनिंबाचा अर्क."

मी रांगेतून पुढं झाले. पिशवीतून बाटली काढून मॅडमच्या समोर धरली. "ह्याची होते. माझी जाऊ ह्यानं पडली. वहीतली सही माझी हाय आणि ती खोटी हाय. आम्हाला कसलंच प्रशिक्षण न्हाई."

बाकीच्या नऊ जणी खाली बघत होत्या. मॅडमनी कागद चाळले, मग मला म्हणाल्या, "प्रशिक्षण दिलं नाही, एवढं मी लिहिते. औषधासाठी केळीचा नमुना घेते. पण बाई आजारी पडली, त्याला ह्या फॉर्ममध्ये जागा नाही."

केळीला जागा होती.

नमुन्यात औषध निघालं. बाहेरच्या व्यापाऱ्यानं माल नाकारला. त्या आठवड्यापासून बापूंनी भीमनगरातली एकही बाई कामावर घेतली नाही. शेजारची गयाबाई दारात येऊन म्हणाली, "तू शिकलेली. तुझं भागंल. आमच्या चुली इझवल्यास तू." ती खोटं बोलत नव्हती. आता आम्ही चार मैल चालत दुसऱ्या गावाच्या फुलशेतीवर जातो. गयाबाई माझ्यासोबत चालते, पण बोलत नाही.

आणि ती केळी? बापूंनी ती फेकली नाहीत. घड उतरवले, ट्रक भरला, नांदेडच्या बाजारात गेला. पंधरा दिवसांनी आमच्या अंगणवाडीपुढच्या गाड्यावर तीच केळी आली; गाडेवाल्यानंच सांगितलं, बापूंच्या बागेतली. शोभाच्या लेकीच्या हातातून मी केळ हिसकावून घेतलं. पोर रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या कृषी कचेरीत गेले. साहेबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "माल बाहेर गेला नाही ना? मग प्रकरण मिटलं."

"मिटलं न्हाई सायेब. माल आत आलाय."

"बाई, ते नियम बाहेरच्या लोकांसाठी असतात. आपल्याकडं एवढं कोण बघतं?"

एवढं कोण बघतं. त्यांनी ते सहज म्हणलं, समोरची फाईल बंद करता करता. माझ्या आत जे काही इतकी वर्षं वाकलेलं होतं, ते तिथं सरळ झालं.

मी खुर्ची ओढून बसले. मला कोणी बस म्हणलं नव्हतं. अर्ज तिथंच लिहिला. कोणत्या दुकानातून ते औषध येतं, कोणी मारायला लावलं, शोभाला काय झालं, केळी कुठं विकली, सगळं. साहेबांनी पोच दिली नाही. सोमवारी परत गेले. त्याच्या पुढच्या सोमवारीही. त्या दिवशी मजुरी बुडते. बुडू दे. शिपाई आता मला बघून आत सांगायला जातो, ती बाई आली.

हाव, आले. येणार. बाहेरच्या खाणाऱ्याला जो कायदा आहे तोच इथल्या खाणारीला आणि फवारणारीला लागू करा. मला दया नको, मदतीचा चेक नको. मला त्या अर्जाची पोच पाहिजे, आणि त्या दुकानाला कुलूप लागलेलं पाहिजे. ते होईपर्यंत माझा सोमवार ह्या कचेरीत जाईल.