मेश्राम सरांचं साउंड कार्ड

मशीन पहिल्याच फटक्यात चालू झाली तर तिच्याबद्दल कोणी काही सांगत नाही. आमचं साउंड कार्ड दहा महिने मुकं होतं, म्हणून आमच्याजवळ इतके किस्से जमले. खेमराज आणि मी भेटलो की त्यातला एखादा निघतोच. मी सांगायला लागलो की तो दर वेळी टोकतो, "आपली चूक काऊन गाळून सांगतं बे?" तर आज न गाळता सांगतो.

तेव्हा आम्ही दोघं गोंदियात कॉम्प्युटर क्लास चालवत होतो. जमाना भारनियमनाचा होता.

*

फेब्रुवारीत एके दिवशी मेश्राम सर काठी टेकत क्लासचा जिना चढून आले. ते सौंदडकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. डोळ्यांच्या आजारानं दोन वर्षांत त्यांची नजर गेली होती. शिकवणं चालू होतं, पण संस्थेचे अध्यक्ष भर सभेत म्हणाले होते, "वाचायला तुम्हाला बायको लागते. उद्या शिकवायलाही तिलाच पाठवाल." डिसेंबरच्या सभेत स्वतः वाचून दाखवा, नाहीतर राजीनामा द्या, असं त्यांना बजावलं होतं.

सर हे सगळं अगदी शांतपणे सांगत होते. राग मलाच आला.

"लिहिलेलं बोलून दाखवते अशी मशीन असते म्हणतात," सर म्हणाले. "मले ते पाहिजे."

विकतचं बोलकं सॉफ्टवेअर आमच्या ऐपतीबाहेर होतं. लिनक्स नावाच्या फुकटच्या सिस्टमवर तसलंच फुकट मिळायचं. मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "आठ दिवसांत बसवून देतो, सर."

लिनक्स बसलं, बोलणारं सॉफ्टवेअरही बसलं. ज्यातून आवाज निघतो त्या साउंड कार्डाला मात्र लिनक्सनं ओळखच दाखवली नाही.

*

सरांना घेऊन आम्ही कार्डाच्या दुकानात गेलो. दुकानदार हसला. "भैया, लिनक्स में आवाज नहीं आती. दूसरा सिस्टम डलवा लो, सब वही डलवाते हैं." त्यानं ड्रॉवरमधून एक सीडी काढून काउंटरवर ठेवली. तिच्यावर स्केचपेननं नाव लिहिलेलं होतं.

"चोरीची हाय का?" सरांनी विचारलं.

"सर, पूरा गोंदिया यही चलाता है."

"मंग पुऱ्या गोंदियाले चालवू द्या. मी नोकरी वाचवाले निघालो. ते चोरीच्या मालानं नाही वाचवाची."

खरं सांगतो, मी ती सीडी खिशात घालायला तयार होतो. पण त्या वाक्यानंतर हात पुढं होईना. दुकानाचा जिना उतरताना खेमराज हळूच म्हणाला, "आता तर आवाज काढाच लागते."

*

बरेच महिने असेच गेल्यावर कोणीतरी सांगितलं की लिनक्सवाल्यांची एक मेलिंग लिस्ट, म्हणजे ईमेलवरचा गट असतो, तिथं अडचण मांडायची. सायबर कॅफेत बसून मी दोन ओळी खरडल्या. उत्तर आलं, "आधी माहितीपुस्तक वाचा." पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच.

सर म्हणाले, "तू उठ, मी सांगतो ते टाईप कर." आणि त्यांनी शाळेतल्या रजेच्या अर्जासारखा मजकूर सांगितला. रिस्पेक्टेड सर्स, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट, इथपासून ते थँकिंग यू इन ॲन्टिसिपेशनपर्यंत. खाली आपलं नाव, पद आणि गावसुद्धा घातलं. मला शरम वाटत होती. जग आपल्याला हसणार, असं मी म्हटलंही.

दुसऱ्या दिवशी चार उत्तरं आली होती. त्यातलं एक आमचं कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, ज्यानं लिहिला होता, खुद्द त्याचं. त्यानं पायरी पायरीनं सगळं समजावलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं की या लिस्टवर मला आजवर कोणी सर म्हटलं नव्हतं.

*

त्याचं म्हणणं होतं की तो ड्रायव्हर आत घालून सिस्टमचा अख्खा गाभा, म्हणजे कर्नल, आपल्याच मशीनवर नव्यानं बनवा. याला कंपाईल करणं म्हणतात. आमच्या जुन्या डब्यावर त्याला पाच तास लागायचे आणि लाईन, म्हणजे वीज, तीन तासांवर टिकायची नाही. लाईन गेली की आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. असा महिना घालवला. अर्ध्यावरून पुढं चालू करता येतं, हे मी वाचलंच नव्हतं. खेमराज म्हणतो ती माझी चूक हीच.

शेवटी मशीन उचलून मुर्री गावात खेमराजच्या बाबांच्या राईस मिलमध्ये नेली. तिथं जनरेटर होता. धानाच्या पोत्यांवर मशीन मांडली, कोंडा आत जाऊ नये म्हणून वरून ओलं धोतर टांगलं. पाच तासांनी कर्नल तयार झालं. आम्ही टेस्टचा आवाज लावला. काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा बनवलं, पुन्हा काही नाही. असं चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशी आवाजाची टेस्ट लावून ठेवली होती आणि आम्ही डोक्याला हात लावून बसलो होतो. तेवढ्यात सर आले. त्यांनी चाचपडत स्पीकरवर तळवा ठेवला.

"हे तर वाजून राहिलं," सर म्हणाले.

मिल चालू होती. तिथं माणूस ओरडला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. खेमराज धावत जाऊन मिलचा पट्टा बंद करून आला आणि मिल थांबली. चार दिवस घसा ताणणारी ती मशीन आम्हाला पहिल्यांदा ऐकू आली. मी सरांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "मिलचा थरथराट खालून येते, हे डब्ब्यातून येऊन राहिलं होतं. तुम्ही हात काऊन नाही लावला?"

*

सभेत लाईन गेली तरी मशीन बॅटरीवर चालावी म्हणून मी एक जुना यूपीएस शोधून आणला. त्याची बॅटरी सगळ्याला पुरत नव्हती. काय काढावं, म्हणून मी डोकं खाजवत होतो. सर म्हणाले, "सीपीयू अन् स्पीकर लाव. मॉनिटर सरकारी लाईनवर राहू दे. मले कायले पाहिजे तो?"

*

सभा चारची होती, अध्यक्ष सहाला आले. आमच्याकडे डिसेंबरात तेवढ्यात अंधारून येतं. सरांनी काही पाठ केलं असेल, अशी शंका त्यांना होती, म्हणून त्यांनी एक सरकारी परिपत्रक इंग्रजीत टाईप करून फ्लॉपीत आणलं होतं. त्याचाच छापील कागद स्वतःच्या हातात धरला होता. "एकेक शब्द ताडून पाहीन," ते म्हणाले.

सरांनी फ्लॉपी घातली, कळा दाबल्या. मशीन घोगऱ्या आवाजात वाचू लागली. अध्यक्ष कागदावर बोट फिरवत होते. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला.

तिसऱ्याच्या मध्यात लाईन गेली. ट्यूबलाईट विझली, मॉनिटर काळा झाला. समोरचा माणूस दिसेना. मशीन वाचतच राहिली. परिच्छेद संपला, पुढचा सुरू झाला. अध्यक्ष खिडकीकडे सरकल्याचा आणि कागद फडफडल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

सरांनी एक कळ दाबून मशीनला गप्प केलं.

"अध्यक्षसाहेब," ते म्हणाले, "बराबर वाचून राहिली ना? तुमच्या कागदावर जरा पाहून सांगजा."