उदाहरणाचा डाव

माझ्या दिरानं आयुष्यात एकच पुस्तक काढलं, आणि तो खरं तर खेळ होता. लोहाऱ्याला त्याचा छोटा छापखाना होता; बियाण्याच्या पिशव्यांची लेबलं छापायचा. पुण्याला शिकताना वसतिगृहात कुणीतरी त्याला एक इंग्रजी खेळ दाखवला होता. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं आणि पुढं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. जमलं की फसलं, ते फासे सांगणार. हे खूळ त्याच्या डोक्यातून गेलंच नाही. कापसाची वाईट वर्षं आली, लेबलांचं काम आटलं, तेव्हा रिकाम्या यंत्रावर त्यानं तसाच मराठी खेळ छापायला घेतला. मी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून भाषा तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमची प्रकाशन संस्था म्हणजे आम्ही दोघं.

खेळात तीन भावंडं पाणी शोधत डोंगराखालच्या भुयारात उतरतात. फासे म्हटलं की लोकांना जुगार आठवतो, म्हणून आम्ही पुस्तकासोबत फोडलेल्या चिंचोक्यांची पुडी दिली. पाच टाकायचे, पांढऱ्या बाजू मोजायच्या; जास्त आल्या तर जमलं. नियम कुणाच्या बापाला कळेनात. शेवटी मीच हट्ट धरला, "भाऊजी, एक डाव अख्खा लिहून दाखवा. कोण काय म्हणालं, चिंचोके किती पडले, सगळं." अशी शेवटची चार पानं झाली, उदाहरणाच्या डावाची.

कापूस खरेदीच्या केंद्रावर गाड्यांची रांग दिवसचे दिवस हलत नसे. माणसं रिकामी बसलेली. दीर पुस्तकं घेऊन बोरी अरब गावाकडच्या एका रांगेत जाऊन बसला. गोष्ट सुरू केली की गर्दी व्हायची. मग तो विचारायचा, "आता सांगा, दार उघडता का मागं फिरता?"

"तुमीच सांगा ना भाऊ, आमी आयकून राह्यलो."

ठरवायचं कुणालाच नव्हतं. मला तेव्हा त्या लोकांचा राग यायचा. आता येत नाही. काय पेरायचं, केव्हा विकायचं, जे जे त्यांनी ठरवलं ते अंगाशी आलं होतं, आणि वर आम्ही शहाणे आणखी एक दार घेऊन गेलो होतो.

दीर म्हणायचा, "वयनी, माह्याशिवाय एका गावानं जरी हा खेळ खेळला, तरी मी दुसरा भाग काढतो. नाही तं कायले काढू?"

दोन वर्षं कुणी खेळल्याचं कानावर आलं नाही. चिंचोक्यांना कीड लागली.

मग बाभुळगावकडचा एक माणूस छापखान्यात आला. कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात हमाल होता, जिनिंग बंद पडल्यापासून घरीच. म्हणाला, "आमी रोज खेळतो. पुस्तक फाटलं, दुसरं द्या." दीर खुर्चीवरून उठलाच. त्याच्या लग्नातही मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता.

रविवारी सकाळीच आम्ही दोघं त्या गावाला गेलो. पारावर सातआठ जण जमले होते. हमालानं नवं पुस्तक उघडलं, थेट शेवटची चार पानं काढली आणि वाचू लागला. थोरल्या भावाचं बोलणं आलं की एक म्हातारा ते पाठ म्हणायचा, धाकटीचं आलं की एक बाई. चिंचोके कुणी टाकलेच नाहीत. "चार पांढरे," सगळे एका सुरात म्हणाले. आमचा उदाहरणाचा डाव त्यांनी पोथीसारखा लावला होता. तिघं पाणी घेऊन भुयारातून बाहेर आली तेव्हा काहींनी हात जोडले.

दीर कळवळून म्हणाला, "हे निस्तं दाखवाले आहे. तुमी आपल्या मनानं खेळा ना. दुसरीकडं वळून पाहा."

"दुसरीकडं काय होते, कोणाले माहीत?" धाकटी झालेली बाई म्हणाली. तिची दोन्ही पोरं कामाला परमुलखात गेली होती आणि पोळा झाला तरी पत्र नव्हतं, हे मला नंतर कळलं. "ह्याच्यात तिघंबी घरी येतात." मग तिनं विचारलं, "भाऊ, तुमी खरंच खेळलते ना हे? असेच पडलते ना चिंचोके?"

दिरानं माझ्याकडं पाहिलं. तो डाव आम्ही आमच्या स्वयंपाकघरात खेळलो होतो. सासूबाई थोरला भाऊ, जाऊबाई मधला, मी धाकटी. पाच वेळा खेळलो, आणि पाचही वेळा तिघं आतच मेली. असं छापलं तर पुस्तक कोण घेईल, असं म्हणून आकडे मीच बदलले होते, वह्या तपासायच्या लाल पेनानं.

"हो," दीर म्हणाला, "असेच पडलते."

मीही मान हलवली. मला लाज वाटली, आणि तरीही मी मान हलवली.

"मंग झालं तं," म्हातारा म्हणाला. आम्ही पाहुणे म्हणून हमालानं डाव पुन्हा पहिल्यापासून लावला. चिंचोक्यांची जागा आली तेव्हा सगळ्यांबरोबर दीरही "चार पांढरे" म्हणाला, आणि दुसऱ्या भागाचं नाव त्यानं परत कधी काढलं नाही.