दत्ताला शिकवलेलं क्रियापद

नळाला पाणी आलं होतं, म्हणून फोन घ्यायला उशीर झाला. पलीकडून दत्ताची बायको सुनीता एवढंच म्हणाली, "बाई, हे गेले..." चाकणच्या एका कारखान्यात आठ वर्षं कंत्राटावर राबणारा, पस्तिशीतला दत्ता हर्नियाने गेला, हे महिना उलटला तरी मला पटत नाही. हर्नियाने माणूस मरतो का हो? आतडं अडकलं होतं म्हणे. दोन महिने आधी आणला असता तर साधं ऑपरेशन होतं, असं डॉक्टर म्हणाले.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी संत तुकाराम नगरातल्या घरी कामगारांना इंग्रजी शिकवते. दत्ताला कंपनी दर सात महिन्यांनी 'ब्रेक' द्यायची. काही दिवस घरी बसवायचं आणि मग नव्याने घ्यायचं. सलग नोकरी झाली तर पर्मनंट करावं लागेल ना! बाकीचे तेवढ्यात गावी जाऊन येत. हा परभणीचा पठ्ठ्या मात्र सकाळी नऊलाच माझ्या दारात हजर. "बाई, या ब्रेकात इंटरव्ह्यूचं सगळं संपवू बघा." सरावात तो सारखा 'आय होप' म्हणायचा. एकदा मी वैतागले. "अरे, होप म्हणजे नुसती आस. एक्स्पेक्ट म्हण! कंपनीची बस येईल असं वाटणं वेगळं आणि डबा भरून स्टॉपवर उभं राहणं वेगळं."

"मग मी डबा भरूनच ठेवतो, बाई," तो हसून म्हणाला.

यंदा पर्मनंटच्या यादीत त्याचं नाव होतं, फक्त मेडिकल तपासणी बाकी होती. दुखणं कळलं तर नाव कटेल, म्हणून त्याने ते दाबून ठेवलं. "कुणालाच बोलले न्हाईत हो, मलाबी न्हाई," सुनीता रडत होती. मी मनातल्या मनात त्याच्यावर चिडले. गाढवा, एकाला तरी सांगायचंस! आणि लगेच वाटलं, अपेक्षा धरायला मीच तर शिकवलं...

परवा सुनीताला द्यायला म्हणून तपासलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यातून त्याची वही काढली. शेवटचा गृहपाठ होता, 'एक्स्पेक्ट' वापरून पाच वाक्यं. पाचव्या वाक्यात त्याने इंग्रजीत लिहिलं होतं : मी लवकरच पर्मनंट होईन अशी अपेक्षा आहे. पुढे जागा उरली होती, तिथे बारीक अक्षरात : मग हर्नियाचं ऑपरेशन करीन. फार दुखतं. बाई, कोणाला सांगू नका.

त्यापुढे माझ्या लाल पेनाची बरोबरची खूण आहे. खाली शेरा : अक्षर सुधार.