नाकातल्या थेंबांची कुस्ती

वहिनींचा बारावीचा पहिला पेपर इंग्रजीचा होता, आणि त्याच्या दोन दिवस आधी त्यांच्या दीड वर्षाच्या मुलाला, म्हणजे माझ्या पुतण्याला, सर्दी झाली. यात कुणाचाच दोष नव्हता. तरी मला उगाच अपराधी वाटत होतं, कारण वहिनींना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायला लावणारा मीच. दहावी झाल्यावर त्यांचं लग्न झालं आणि पुस्तकं माहेरीच राहिली. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. एकट्यानं पहिलं असण्यात फारशी गंमत नसते. सबमिशन म्हणजे काय हे आईला समजावून सांगितलं की ती म्हणते, "म्हंजे वही दावायची. मग तसं म्हण की." घरात अभ्यासाला आणखी कुणीतरी असावं, असा माझा त्यातला स्वार्थ होता.

पुतण्याला डॉक्टरांकडं नेलं तेव्हा मीही बरोबर गेलो आणि प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानावर सगळं लिहून घेतलं. साधी सर्दी आहे. या वयात सर्दीखोकल्याची सिरप नकोत. मेडिकलमधून मिठाच्या पाण्याचे थेंब आणा. पाजायच्या आणि झोपवायच्या आधी पाठीवर निजवून, मान किंचित मागं करून, दोन्ही नाकपुड्यांत टाका. पातळ काहीतरी थोडं थोडं देत राहा. श्वास भराभरा चालायला लागला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा पिणंच बंद झालं तर थांबू नका, लगेच घेऊन या.

मी विचारलं, "सर, थेंब केवढा असावा?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "थेंबाएवढा," ते म्हणाले. मी तेही लिहून घेतलं. ते पान वहिनींनी नंतर सगळ्या घराला वाचून दाखवलं.

कळंब्याला घरी आलो तर आईनं शेगडी पेटवलेली. निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकून धुरी द्यायची, ही तिची पद्धत.

"आई, धूर नको. डॉक्टर म्हणालेत," मी म्हणालो. खरं तर डॉक्टर धुराबद्दल काही बोलले नव्हते. पण ज्याला आधीच श्वास घेता येत नाही त्याला धूर कशाला, असं मला वाटत होतं, आणि माझ्या वाटण्याला घरात तेवढं वजन नव्हतं.

"तुला बी धुरी दिऊनच वाढीवलाय."

"म्हणून तर असा झालाय," दादा कोपऱ्यातून म्हणाला.

शेवटी ओवा तव्यावर भाजून फडक्यात बांधायचा आणि ती पुरचुंडी पाळण्याच्या वरच्या दांडीला, पोराचा हात पोचणार नाही अशी टांगायची, असं ठरलं. आईनं ती बांधताना मला ऐकवलंच, "वास तर घिऊ दे त्याला. का वासाला बी चिठ्ठी लागती डॉक्टरची?"

थेंबांचं मात्र जमेना. आईनं डोकं धरलं, वहिनींनी पाय धरले आणि मी बाटली घेऊन नेम धरला. पुतण्या मान अशी फिरवायचा की पहिला थेंब कपाळावर गेला, दुसरा कानाच्या पाळीवर, तिसरा आईच्या बांगड्यांवर आणि चौथा माझ्याच बाहीवर.

"भावजी, नाक मधोमध असतंय," वहिनी म्हणाल्या.

आदल्या दिवशी तो झोपेत असताना एकदोनदा जमलं होतं. पण पेपरच्या सकाळी तो जागा होता, चिडलेला होता आणि त्याचं नाक पार चोंदलेलं होतं. दुधाचा एक घोट घ्यायचा, तोंड मिटलं की श्वास अडायचा, मग वाटी ढकलून रडायचा. श्वास जोरात चालत नव्हता, बरगड्याही आत जात नव्हत्या. मी दर पाच मिनिटांनी त्याचा सदरा वर करून बघत होतो. पण उठल्यापासून त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं, एवढं खरं.

पेपर अकराला. सेंटर शहरात, म्हणजे दहाला निघायला हवं. दादाची त्या आठवड्यात फाउंड्रीत सेकंड शिफ्ट होती, त्यामुळं सोडायला तो होता. हॉल तिकीट प्लास्टिकच्या फाइलीत तयार होतं. वहिनी साडी नेसून, पोराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि फाइलीकडं बघत नव्हत्या.

"ह्याच्या पोटात काय गेल्याबिगर माझा पाय निघायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. पुढच्या टायमाला पेपर दीन."

आमच्या घरात पुढचा टाइम कधी येत नाही. दादाचं आयटीआय असंच पुढच्या टायमाला गेलं होतं. दादानं मान खाली घातली, म्हणजे त्यालाही ते आठवलं असणार. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

इथं दादाबद्दल सांगायला हवं. दादा वेळ मिळेल तसा तालमीत जातो. घरी असला की गादी अंथरून बापलेकाची कुस्ती होते. दोघं मांडीवर थाप मारून शड्डू ठोकतात, हात मिळवून सलामी करतात, मग पोरगं एका बोटानं ढकलतं आणि ऐंशी किलोचा दादा पाठीवर पडतो. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "चितपट." या आखाड्यात माझा पुतण्या आजवर एकही कुस्ती हरलेला नव्हता.

मी वहीतलं पान पुन्हा वाचत होतो. पाठीवर निजवून, मान किंचित मागं. आणि मला सुचलं ते सांगावं की नाही, यात माझी दोन मिनिटं गेली. सुचलेलं फारच बाळबोध होतं.

"दादा," मी म्हणालो, "तू ह्याला एकदा हरव."

"काय?"

"कुस्तीत. चितपट कर. एकदाच."

दादानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याला कुणाच्या घरी चोरी करायला सांगितली. "आजारी पोराला पाडू? कालेजात हे शिकीवत्यात व्हय तुला?"

"पाडा की वो," वहिनी म्हणाल्या. त्या सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा नेहमीचा आवाज आला. "तालमीत कुणाला पाडल्याचं तर अजून कानावर आलं न्हाय. घरात तरी पाडा."

गादी अंथरली. पुतण्या नाक गळत असतानाही वहिनींच्या मांडीवरून उतरला. त्यानं दोन्ही हातांनी शड्डू ठोकला, त्यातला एक चुकून पोटावर बसला. सलामी झाली. त्यानं बोटानं दादाला ढकललं. दादा पडला नाही. पोरानं वर बघितलं. पुन्हा ढकललं. मग दादानं एक हात त्याच्या मानेखाली घातला, एक कमरेला लावला आणि काठोकाठ भरलेलं पातेलं खाली ठेवावं तसं त्याला गादीवर ठेवलं.

मग सवयीनं आईच्या तोंडून निघालं, "चितपट."

पुतण्या रडायचंही विसरला. छताकडं बघत तो तसाच पडून राहिला. एवढा वेळ मला पुरला. उजव्या नाकपुडीत दोन थेंब, अगदी थेंबाएवढे.

मग तो रडला, पण थेंबांमुळं नाही. उठून बसला, दादाच्या गुडघ्यावर एक फटका मारला आणि पुन्हा शड्डू ठोकून म्हणाला, "पुना."

पुना झालं. डावी नाकपुडी झाली. तो तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आता कुठली नाकपुडी ऱ्हायली?" पण दादाला ते सोसण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या कुस्तीत तो असा पडला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. विजेत्याला दोन शिंका आल्या. वहिनींनी मऊ फडक्यानं त्याचं नाक पुसलं, आणि पुसायला बरंच काही होतं.

आईनं सकाळीच अळणी करून ठेवलं होतं. मटणाचं बिनतिखटाचं पातळ पाणी. तिच्या मते कोल्हापुरात अळण्याशिवाय कुणाची सर्दी गेलेली नाही. वहिनींनी ते वाटीत कोमट करून घेतलं आणि पोराला उभं धरून त्याच्या ओठाला लावलं. एक घोट. तो थांबला, नाकानं श्वास घेतला, दुसरा घोट घेतला. आम्ही तिघं त्या वाटीकडं बघत उभे होतो. वाटी अर्धी झाली, मग तळ दिसला. मग त्यानं वाटी उलटी करून आत काही राहिलंय का ते बघितलं.

"आता काय बघत बसलाय सगळी?" आई म्हणाली. "धा वाजायला आलं."

वहिनी उठल्या. दादानं गाडी काढली. दारातून त्या मागं वळून मला म्हणाल्या, "भावजी, दुपारच्याला तुम्हालाच पाडायला लागंल. ह्यांची शिफ्ट हाय."

मी त्या दिवशी कॉलेजला गेलो नाही. दुपारी गादी अंथरली, शड्डू ठोकला. माझ्या मांडीतून आवाजच आला नाही. आई भाजी निवडता निवडता तोंडाला पदर लावून हसली. पुतण्यानं मला बराच वेळ न्याहाळलं आणि बहुधा कीव येऊन आपला आपणच आडवा झाला. थेंब पडले. भाताची पेज प्यायला आणि तोंड मिटून झोपला.

अडीचच्या पुढं वहिनी एकट्याच बसनं आल्या. चप्पल न काढता पाळण्यापाशी गेल्या, वाकून त्याचा श्वास ऐकला, मग चप्पल काढायला परत दारात आल्या.

"पेपर कसा गेला?" मी विचारलं.

"लिवला सगळा," त्या म्हणाल्या. "घंटा झाली तरी लिवतच हुते. बाईंनी ओढून घेतला."

संध्याकाळी पाजायच्या आधी त्यांनी स्वतः गादी टाकली, पदर खोचला आणि मांडीवर थाप मारली. आवाज दादाच्या शड्डूपेक्षा मोठा आला. दादा शिफ्टवर होता. हे त्याला सांगायचं नाही, असं आईनं आम्हाला बजावलं.