फायबरच्या डोंग्याला डांबर

आमच्या तळ्यावर एक रीत आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळे एकाच दिवशी आपापली मोठी जाळी टाकतात, आणि त्या दिवशी ज्या घराचा डोंगा, म्हणजे छोटी होडी, पाण्यात असेल त्याच घराला मासळीचा वाटा. ज्याचा नाही, त्यानं काठावर उभं राहून दुसऱ्याचं जाळं मजुरीनं ओढायचं. लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडे डोंगा नव्हता. ती मजुरी मी केली आहे, आणि पुन्हा करणार नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात, जाळ्याचा दिवस तोंडावर आला असताना, माझ्या नवऱ्याचा पाय डोंग्यातच खचला. डोंगा फायबरचा, पण आतली उभं राहायची जागा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी मऊ झालेली. नवरा घोटा धरून खाटेवर पडला. माझे चुलतसासरे तळ्यावरचे मोठे माणूस, ते आले आणि काठीनं तळ दाबून बघत म्हणाले, "भंगारात दे हे. माह्या जाळ्यावर ये, मजुरी देतो तुले."

केवढा तो कळवळा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिऊन माझं पोट कधी भरलं नाही.

साकोलीहून रेझिन आणि फायबरची मॅट आणली, मऊ जागेवर थर दिला. दुसऱ्या दिवशी नखानं उचकटलं तर अख्खा थर पापडासारखा हातात आला. खाली डांबर. लाकडी डोंग्याला आमच्याकडे दरवर्षी डांबर लावतात. फायबरचे डोंगे आले तरी हात काही थांबले नाहीत, आतून-बाहेरून सगळ्यांनीच डांबर फासलं. त्याखाली शिरलेलं पाणी बाहेर निघेना, तळाच्या फायबरमधलं प्लायवूड सडलं. आणि डांबरावर रेझिन धरतं कुठं? माया करता करता आम्हीच डोंग्याचा जीव घेतला होता.

मग वरचं फायबर कापूनच काढलं. खालचं लाकूड चिखलासारखं मुठीत आलं, वास असा की शेजारीण दार लावून बसली. उरलेलं डांबर खरडून काढलं, डोंगा कोरडा खडखडीत होईपर्यंत उन्हात ठेवला. रस्त्यानं जाणारे थांबायचे. "काहून, आता डोंगे बी बायकाच करतीन काय?"

खाटेवरून नवरा ओरडायचा, "तुमाले येते काय? नाही ना? मंग पाहत राहा."

रेझिनचं काम पहाटेच उरकावं लागे. आमच्या उन्हात हार्डनर घातला की ते डब्यातच दगड होतं. एक डबा तसा गेला, मी शिव्या घातल्या आणि दुसरा उघडला. खाली सागाच्या पट्ट्या बसवल्या. नव्या प्लायवूडला कडेसकट सगळीकडून रेझिन पाजलं, मग ते वर बसवून मॅटचे थर दिले. डांबराचा डबा नवऱ्याला देऊन टाकला, म्हटलं खाटेखाली ठेवा, माझ्या डोळ्यांसमोर नको.

जाळ्याच्या दिवशी मी डोंगा पाण्यात लोटला. चुलतसासरे न विचारता आत चढले आणि सगळ्यांदेखत टाच आपटली. तळ हलला नाही. पुन्हा आपटली.

"टणक हाय," ते म्हणाले. "डांबर नाही लावलं काय?"

"नाही. उतरा आता, मामाजी, मले जाळं टाकाचं आहे. अन् तुमच्या डोंग्यात पाय जपून ठेवा. त्याले दरवर्षी डांबर लागते."