गोणीतली माणसं

डेलसी तीन वर्षांची असताना बेटाला पूल झाला. त्याआधी माणसं होडीनं जात आणि भरतीच्या मर्जीनं परत येत. पुलावरून आधी वीज आली, मग जमीन मोजणारे आले, आणि त्यांच्या पाठोपाठ सुट्टीपुरती घरं बांधणारे गोरे पैसेवाले. बेटावरची तरणी माणसं त्याच पुलावरून बाहेर गेली ती मात्र परतली नाहीत. डेलसीचा बाप त्यांतलाच. सव्हाना शहराच्या गोदीत काम लागलं म्हणून गेला. पहिल्या नाताळाला संत्र्यांची पेटी घेऊन आला, दुसऱ्या नाताळाला नुसता निरोप आला, पुढे निरोपही थांबला. डेलसीच्या आईनं, लुवेनियानं, त्याचा रविवारचा कोट उसवला आणि डेलसीला शाळेसाठी जाकीट शिवलं.

बेटावर सगळी काळी माणसं. त्यांचे पणजे इथंच कापसाच्या मळ्यांत गुलाम होते, आणि लढाईत मालक पळाल्यावर तीच जमीन त्यांनी एकेक एकर करून विकत घेतली. डेलसीची आजी हेगर, लुवेनियाची आई, अशाच एका तुकड्यावर राहायची. सकाळी मक्याच्या कण्या शिजवायची, दुपारी ओसरीवर जाळी विणायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्या घराण्यावरून हटकायची. लुवेनिया दिवसभर कालवं फोडायच्या शेडमध्ये, म्हणून डेलसी आजीच्या अंगाखांद्यावर वाढली. शेड बंद पडली तेव्हा लुवेनियाला नव्या हॉटेलात खोल्या साफ करायचं काम मिळालं. चाकूनं कापलेले हात आता साबणानं सोलवटायला लागले, एवढाच काय तो फरक.

डेलसी अकरा वर्षांची झाली त्या साली काळ्यांची आणि गोऱ्यांची शाळा एक झाली. एक झाली म्हणजे काय, तर काळ्यांची बंद झाली. बेटावरची पोरं बसमध्ये कोंबून पुलापलीकडे नेऊ लागले. तिथल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात डेलसीला उभं करून एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणायला लावलं. बेटावरची बोली तिच्या जिभेवरून जाईना आणि वर्गाचं हसू थांबेना. पोरगी हुशार. तिनं वर्षभरात त्यांची बोली उचलली, आणि मग घरी येऊन आजीच्याच चुका काढायला लागली.

"आजी, असं नाही म्हणत."

"मग कसं म्हणतात?"

डेलसी म्हणून दाखवायची. हेगर नीट ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "छान म्हटलंस. आता ती भेंडी चिर."

याच वर्षांत दफनभूमी हॉटेलच्या फाटकाच्या आत गेली. मेलेले हलले नाहीत, त्यांच्या भोवती गोल्फचं मैदान पसरलं. खाडीच्या काठाला, ओकच्या झाडांखाली बेटाची सगळी माणसं पुरलेली. आता तिथं जायचं तर फाटकावर पास लागायचा. फाटकावर गणवेश घालून कोण उभा, तर एझ्रा, हेगरच्या मावसबहिणीचा पोरगा. लहानपणी त्याला हेगरनं न्हाऊमाखू घातलेलं. तो मान खाली घालून, बेटावर वडीलधाऱ्या बाईला हाक मारतात तसं म्हणायचा, "मिस हेगर, पास?" हेगर दरवेळी त्याला पास दाखवायची आणि दरवेळी त्याच्या आईची आठवण काढायची.

सोळाव्या वर्षी डेलसीनं सुट्टीत काम धरलं. हॉटेलच्या बागकामाच्या टोळीत. टोळीचा मुकादम पुलापलीकडचा, बोलायला गोड. एका शुक्रवारी त्यानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "उद्या इथं लग्न आहे. पाहुण्यांना खाडीकाठी फोटो काढायचेत. तिकडं झाडांखाली फुटके कप, बाटल्या, काहीबाही पडलंय. सगळं उचलून कचऱ्याच्या गाडीत टाका."

बाकीची टोळी पुलापलीकडची; ते काहीबाही म्हणजे काय हे डेलसीला एकटीलाच ठाऊक होतं. माणूस गेला की त्यानं शेवटी हाताळलेली वस्तू त्याच्या मातीवर ठेवायची. प्यायलेला कप, औषधाची बाटली, उशाचा कंदील. ठेवण्याआधी ती फोडायची, म्हणजे मागच्यांचा त्याच्याशी धागा तुटतो आणि तो कुणाला सोबत न्यायला येत नाही. एकदा ठेवली की तिला हात लावायचा नाही. हे सगळं तिनं दुधाबरोबर ऐकलं होतं. पण शाळेत पाच वर्षं काढल्यावर त्यातलं हात न लावण्याचं तिला जुन्या बायकांचं भ्यायलेपण वाटायला लागलं होतं. वस्तू वाचल्या म्हणजे झालं, असं तिच्या डोक्यानं घेतलं.

"मी करते ते," ती म्हणाली. "एकटी करते."

मुकादमाला काय, बरंच झालं. डेलसीनं घाईघाईनं सगळं एका गोणीत भरलं, गोणी कुंपणामागे दडवली आणि संध्याकाळी पाठीवर टाकून घरी आणली. वाटेत ती स्वतःवर खूश होती. आजी आपल्याला जवळ घेईल, असं तिला अगदी वाटलं होतं.

हेगर ओसरीवर होती. गोणीतली खळखळ ऐकली आणि तिच्या हातातली जाळ्याची सुई थांबली.

"काय आणलंस गं?"

डेलसीनं सांगितलं. हेगर उठली आणि ओसरीच्या पायरीवर आडवी येऊन उभी राहिली.

"तिथंच थांब. कुणाकुणाला घरी घेऊन आलीस तू?"

"आजी, ते सगळं कचऱ्यात जाणार होतं!"

"कचऱ्यात गेलं असतं तर त्या हॉटेलवाल्यांनी नेलं असतं. हे तू आणलंस. आपल्या माणसांना त्यांच्या जागेवरून उठवून, पोत्यात कोंबून माझ्या दारात आणलंस." तिचा आवाज चढला नाही, आणि डेलसीला त्याचीच भीती वाटली. "ठेव त्या झाडाखाली. आणि हात धू."

रात्री हेगर जेवली नाही. शनिवारी सकाळीही नाही. तांबडा भात पानात तसाच वाळला. लुवेनियाचा मात्र भडका उडाला.

"मेलेल्यांना कप कशाला हवाय? ह्या घरात दोन पगार येतात, दोन्ही त्या फाटकाआडून! परत नेऊन ठेवशील तर सोमवारी आम्हा दोघींना घरी बसवतील. मग खायचं काय, ती फुटकी भांडी?"

"मी तुला नाही बोलावलं," हेगर म्हणाली. "उद्या पहाटेच्या भरतीला होडी काढते. पोरगी येईल. तिनं उचललं, ती ठेवील."

"तुझ्यानं वल्हं उचलत नाही आणि हिला वल्हवता येत नाही! बुडाल दोघी!"

"मग तिथंच पुरा. एक खेप वाचेल."

लुवेनिया तणतणत बाहेर गेली. डेलसी खिडकीतून बघत होती. आई झाडाखाली गेली, लाथ मारल्यासारखा पाय उचलला, आणि मग खाली बसून तिनं गोणीचं तोंड सोडलं. वरच दाढीचा पांढरा मग होता, कान तुटलेला. लुवेनियाच्या बापाचा, हेगरच्या नवऱ्याचा, सायरसचा. लुवेनियानं त्याला हात लावला नाही. पण बराच वेळ ती तिथून उठली नाही. परत आली तेव्हा डोळे लाल होते. तिनं सोमवारसाठी इस्त्री केलेला गणवेश खुंटीवरून काढला, घडी घातली आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिला.

"वल्हं मी मारीन," ती म्हणाली. आणि लेकीकडे बघून, "तू गोणी सांभाळ. खळखळू देऊ नको."

रविवारी उजाडताना तिघी खाडीतून निघाल्या. पूल होण्याआधी सगळे जात तशा, होडीनं. दफनभूमीत कालच्या लग्नाचे तांदूळ गवतात पसरले होते आणि मातीचे उंचवटे उघडेबोडके दिसत होते. डेलसीला ते बघवेना. हेगर काठी टेकत पुढे चालली. कुणाची वस्तू कुणाची, हे तिला विचारावं लागत नव्हतं. "कंदील मोझेसचा. वाटी डोर्कासच्या तान्ह्याची. सावकाश ठेव, झोपलंय ते." डेलसी वाकायची, ठेवायची, आणि हेगर तिला दरवेळी एकच गोष्ट म्हणायला लावायची: "माफ करा, मी उचललं." बेटाच्या बोलीत. डेलसीच्या तोंडून ती बोली अडखळत यायला लागली होती, त्याची तिला लाज वाटली.

अर्धं झालं असेल तेवढ्यात एझ्राची बॅटरीवरची गाडी आली.

"मिस हेगर," तो घुटमळत म्हणाला, "पास?"

हेगरनं गोणीतून काढलेला, एका काचेचा चष्मा त्याच्यापुढे धरला. "तुझ्या आईचा. ठेवू तिच्याजवळ, की तिलाही पास लागतो?"

एझ्रानं टोपी काढली. चष्मा घेतला, आईपाशी गेला आणि पाठमोरा बसून राहिला. उठल्यावर म्हणाला, "मला वर सांगावं लागेल."

"सांग," लुवेनिया म्हणाली. "नाव नीट सांग माझं."

वर एझ्रानंच सांगितलं, का मैदानावरच्या कुणी फोन केला, ते कधी कळलं नाही. सोमवारी लुवेनिया गेलीच नाही, आणि मंगळवारी मायलेकी दोघींनाही येऊ नका म्हणून निरोप आला. वर्षभर त्या घरात खेकडे आणि भेंडी एवढंच शिजलं.

पण त्या रविवारी शेवटी गोणीत एक वस्तू उरली. निळ्या काचेची औषधाची बाटली, गळ्याशी फुटलेली.

"ही कुणाची?" हेगरनंच विचारलं.

"मला वाटलं तुला ठाऊक असेल," डेलसी म्हणाली.

"निम्मी माणसं औषध घेता घेताच गेली. तू कुठून उचललीस?"

"नाही आठवत. मी सगळं एकदम भरलं, आजी."

ती बाटली घेऊन सगळीकडे फिरली. कडेला किती तरी जुने उंचवटे होते. लाकडी खुणा कुजून गेलेले, नाव नसलेले. त्यांतल्या कुठल्या तरी एकाचं आपण काढून घेतलं होतं, आणि आता ते कधीच परत देता येणार नव्हतं. तो कुणी बाप्या होता, बाई होती की पोर, हेसुद्धा तिला कळणार नव्हतं. एवढं एकटं तिला शाळेत हसले तेव्हाही वाटलं नव्हतं. ती परत आली आणि हुंदके देत आजीपुढे उभी राहिली.

हेगर सायरसच्या शेजारी, मोकळ्या जागेत काठी टेकून उभी होती. तिनं काठीनं पायाखालची वाळू दाखवली.

"इथं ठेव."

"इथं तर कुणीच नाही."

"मी येणार आहे ना. आल्यावर विचारीन एकेकाला. ज्याची असेल त्याच्या हातात देईन."

"नको आजी. मी दुसरीकडे ठेवते. कुठंही ठेवते."

"ठेव म्हटलं ना. ओहोटी लागली, आई खोळंबलीय तुझी." हेगरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, शुक्रवारनंतर पहिल्यांदाच. "तुझ्याकडून हरवलं, माझ्याकडून सापडेल. त्यात काय एवढं!"

डेलसीनं गुडघे टेकले, आणि आपल्या जित्याजागत्या आजीच्या जागेवर ती बाटली वाळूत रोवली.